निळी गोळी, खिचडी आणि पाठांतर : अनसिंगहून एक खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वाशीम
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, वाशीम
अन्न व औषध प्रशासनाचे वाशीम जिल्ह्याचे काम पाहणारे अधिकारी

महोदय, महोदया,

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या अनसिंगमध्ये आया एकमेकींना एकच गोष्ट विचारू लागतात. "पोट्टं वाचते लय, पन ध्यानात राह्यत नाही. काई देता येते का?" मी इथे मुलांना शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी माझ्याकडेही येतो. विचारणारी बाई बहुतेक वेळा शेतमजूर असते किंवा दोन-तीन एकर सोयाबीनवाल्या घरातली असते. आपल्या पोराला दहावीत चांगले मार्क पडावेत म्हणून ती पोटाला चिमटा काढायला तयार असते. म्हणूनच तिला मिळणारे उत्तर खरे असले पाहिजे. आज ते तसे मिळत नाही, आणि ते बदलणे आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

सध्या तिला उत्तर देतो तो बाजार. स्मरणशक्ती वाढवणारे सिरप, बुद्धिवर्धक पावडरचा डबा, ब्राह्मीच्या गोळ्या, मोबाइलवर दिसणारी 'ब्रेन'ची कॅप्सूल. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे असा एखादा डबा घरात आणायचा तर एका बाईचा दिवसभराचा घाम त्यात जातो, आणि महिनाभरात तो डबा संपतो.

यातला कायदा आपल्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तरी गावातल्या वाचकांसाठी लिहिते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत 'जे' नावाचे परिशिष्ट आहे. कोणत्या गोष्टी साध्य करून देण्याचा दावा औषधाने करायचा नाही, त्यांची यादी त्यात दिली आहे. कर्करोग, मधुमेह, अंधत्व यांच्याबरोबर मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणे हेही त्या यादीत आहे. पावडरचे डबे मात्र औषध म्हणून विकले जात नाहीत. ते अन्न म्हणून विकले जातात, आणि त्यांना २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू होतो. त्या कायद्याखालचे जाहिराती व दाव्यांबाबतचे २०१८ चे नियम सांगतात की दावा खरा हवा, दिशाभूल करणारा नको आणि त्याला पुरावा हवा. डब्याच्या मागच्या बाजूला, औषधी वापरासाठी नाही अशा अर्थाची बारीक इंग्रजी ओळ असते. पुढच्या बाजूला चष्मा लावलेला हुशार मुलगा असतो. आमच्या आयांना पुढची बाजू कळते. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत आपल्या निरीक्षकांनी अनसिंगसारख्या बाजारगावांतली औषध दुकाने आणि किराणा दुकाने तपासावीत. कोणत्या दाव्यांवर कारवाई केली ते मराठीत जाहीर करावे. परीक्षेच्या तीन तासांसाठी आपण भरारी पथके उभी करता. त्याच मुलांच्या घरच्या पैशासाठी एखादे पथक उभे करणे अवघड नाही.

ब्राह्मीबद्दल मला अन्याय करायचा नाही. बॅकोपा या वनस्पतीवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे काम केले आहे. प्रौढांवरच्या काही चाचण्यांत बारा आठवडे नियमित घेतल्यानंतर आठवण्याच्या कसोट्यांत थोडा फरक दिसला आहे. पण परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आणलेली बाटली आणि बारा आठवड्यांची मोजलेली मात्रा यांचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय आपल्याकडे ब्राह्मी म्हणून कधी बॅकोपा विकली जाते, तर कधी मंडूकपर्णी. या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. परदेशात गिंकोचे नाव असेच गाजले होते. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांना अनेक वर्षे गिंको किंवा बिनऔषधी गोळी देऊन पाहिले गेले. २००८ मध्ये निकाल आला की गिंकोने स्मृतिभ्रंश टळत नाही. मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांचीही तीच कथा. 'लुमोसिटी' नावाचे खेळ विकणाऱ्या कंपनीने फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड केली.

आमच्याकडच्या पालकांच्या मनात क्लासेसचे आकर्षण आणखी मोठे आहे. अबॅकसने मुले आकडेमोड झपाट्याने करू लागतात, हे खरे आहे. गुजरातमधल्या वडोदऱ्याच्या एका शाळेत सुमारे दोनशे मुलांवर तीन वर्षे याचा रीतसर प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१६ मध्ये छापून आला. मुलांचे गणित सुधारले, पण स्मरणशक्ती आणि लक्ष या मुळातल्या क्षमता बदलल्या नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावणाऱ्या 'मिडब्रेन' वर्गांबद्दल तर एवढेही म्हणता येत नाही. पट्टीच्या फटीतून पाहण्याची ती युक्ती आहे, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे. अशा वर्गांना शाळेच्या इमारती देऊ नयेत, असे एक परिपत्रक शिक्षणाधिकाऱ्यांनी काढले तरी पुष्कळ घरांचे पैसे वाचतील.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. लोह कमी असलेल्या मुलाचे ध्यान आणि लक्षात ठेवण्याची ताकद खरोखर वाढवणारी एक गोळी आहे. ती आपल्याच खात्याकडे आहे आणि फुकट आहे. लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी हीच गोष्ट गुलाबी गोळीत, ४५ मिलिग्रॅम लोहाची. वर्षातून दोनदा जंताची अल्बेंडाझोल. आमच्या गावातल्या किती आयांना माहीत असेल की पोराच्या ध्यानाचा संबंध या गोळीशी आहे? त्यांना ती "रक्ताची गोळी" म्हणून ठाऊक आहे, आणि ती बहुतेक पोरींनी गरोदरपणासाठी घ्यायची असते, असाच समज आहे.

लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. मेंदूतले संदेश वाहणारी डोपामिनसारखी रसायने बनायला लोह लागते, चेतातंतूंवरचे आवरण बनायलाही लागते. लोह कमी असलेले मूल आजारी दिसत नाही. ते वर्गात बसते, फळ्याकडे पाहते, आणि दहा मिनिटांनी त्याचे लक्ष उडते. शिक्षक त्याला आळशी म्हणतात. १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या हायस्कुलांतल्या मुलींवरचा अभ्यास आला होता. त्या मुलींना रक्तक्षय नव्हता, फक्त शरीरातला लोहाचा साठा कमी होता. आठ आठवडे लोह दिल्यावर शब्द शिकण्याच्या आणि आठवण्याच्या चाचणीत त्या पुढे गेल्या. इतके लांब जायचेही कारण नाही. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संशोधकांनी महापालिकेच्या शाळांतल्या ९ ते १३ वर्षांच्या मुलींना वर्षभर या गोळ्या देऊन त्यांची स्मरणशक्ती आणि लक्ष मोजले. २००९ मध्ये तो अभ्यास छापला गेला. रोज आणि आठवड्यातून दोनदा गोळी मिळालेल्या मुलींमध्ये फरक ठळक होता, आठवड्यातून एकदा घेणाऱ्यांमध्ये त्याहून कमी. आपली योजना आठवड्यातून एकदाची आहे. म्हणजे त्यातला एकही आठवडा चुकवून चालणार नाही.

आणि गरज किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाची निघाली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ५४.२ टक्के होते. आमच्या वर्गातली मुले याच घरांतून येतात.

मग गोळी पोटापर्यंत का पोचत नाही, याची कारणे आम्हा शिक्षकांना दिसतात. ती कार्यालयातल्या तक्त्यात दिसत नाहीत. गोळी जेवणानंतर घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, पोट दुखते, आणि शौच काळी झाली की मूल घाबरते. एकदा एकाला उलटी झाली की पुढच्या वेळी अर्धा वर्ग गोळी तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकतो. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते, तिच्यानंतर गोळी देता येते. नववी-दहावीच्या मुलांना शाळेत जेवण नाही. आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून सकाळी एसटीने येणारी पोर चहा-टोस्टवर आलेली असते. बोर्डाची परीक्षा तिचीच, आणि गोळी रिकाम्या पोटी घेण्याची वेळही तिच्यावरच येते. ठरलेल्या दिवशी सुट्टी आली की तो आठवडा बुडाला. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला किंवा पुण्याकडे कामाला गेले की मुलाचा सहा महिन्यांचा हिशेब बुडाला. पुढे गोदामातून शाळेत किती गोळ्या गेल्या याचा अहवाल बनतो. किती गिळल्या गेल्या आणि त्यातून काय झाले, हे कोणीच विचारत नाही.

वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात जिल्ह्याची प्रगती मोजताना आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के भार आहे, शिक्षणालाही ३० टक्के. जिल्ह्याच्या गुणांपैकी साठ टक्के गुण एकाच मुलाच्या देहात आणि डोक्यात आहेत. तरीही आरोग्य विभागाच्या नोंदवहीत हिमोग्लोबिन आहे, शिक्षण विभागाच्या नोंदवहीत वाचनाची पातळी आहे, आणि या दोन वह्या शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत वर्षातून एकदा येतात. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्या पथकाने प्रत्येक मुलाचे हिमोग्लोबिन मोजावे, त्याची नोंद वर्गशिक्षकाकडे द्यावी, आणि रक्त कमी असलेल्या मुलाला प्रतिबंधाची आठवडी गोळी देऊन न थांबता दवाखान्यात रीतसर उपचार सुरू करावेत. दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे. विदर्भात सिकलसेलही आहे. लोह देऊनही रक्त वाढत नसेल तर ती तपासणी करावी, म्हणजे मुलाच्या माथी बिनकामाच्या गोळ्या बसणार नाहीत.

दुसरी गोष्ट खिचडीची. पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असा नियम आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. ज्या दिवशी अंडे असे, त्या दिवसाची मुले वाट पाहत. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला आणि हवे असल्यास लोकसहभागातून द्या, असे सांगितले. दुष्काळी टापूतल्या लोकांनी सहभाग कशातून द्यायचा? हा निर्णय मुंबईत झाला, तुमच्या कार्यालयात नाही, हे मला कळते. पण जिल्हा परिषदेला स्वतःचा सेस निधी असतो, जिल्ह्याला खाणकामातून येणारा निधी असतो, कंपन्यांचा सामाजिक निधी मागता येतो. जिल्ह्यापुरते अंडे परत आणणे आपल्याला शक्य आहे.

अंड्याचा मी इतका आग्रह धरते तो बी-१२ साठी. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत १० ते १९ वयोगटातल्या ३१ टक्के मुलामुलींत बी-१२ कमी आढळले. आणि याचा ध्यानाशी काय संबंध, हे दाखवणारे काम आपल्याच मातीत झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला आहे. त्यातली मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली गेली. गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ कमी होते, ती मुले लक्ष टिकवण्याच्या चाचणीत आणि ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगण्याच्या चाचणीत मागे पडली. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे दहावीच्या मुलाला आज आपण ज्या ध्यानासाठी दामटतो, त्यातले काही त्याच्या जन्माआधीच आईच्या ताटात ठरलेले असते. अंगणवाडीत गरोदर बाईला मिळणारा आहार, तिच्या तपासण्या, हेही बोर्डाच्या परीक्षेच्या तयारीतच मोजायला हवे.

घरच्या ताटाविषयी आम्ही शिक्षक आयांना सांगू, ते काम आमचे. आमच्या शिवारात तूर आहे, हरभरा आहे, सोयाबीन तर बांधाबांधाला आहे. पण सोयाबीन मार्केटला जाते, ताटात येत नाही. आंबाडी आणि तरोट्याची भाजी, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी हे आमचे जुने खाणे आहे. सोयाबीनच्या लाटेत जवसाचा पेरा आटला, याची मला हळहळ वाटते. जवसातले ओमेगा-३ शरीरात फार थोडे मेंदूला हवे त्या रूपात बदलते, म्हणून त्याला औषध म्हणणार नाही. पण चांगले खाणे म्हणून त्याची जागा ताटात हवी. एक साधी गोष्ट मात्र आशाताई आणि अंगणवाडीताईंनी घराघरात सांगावी, आणि ती सांगायला पैसा लागत नाही. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा नको, कारण चहातल्या टॅनिनमुळे जेवणातले लोह नीट अंगी लागत नाही. त्याऐवजी वरणावर लिंबू पिळा, नाहीतर आवळा, पेरू खा.

आता डोक्याच्या व्यायामाबद्दल, आणि इथे मला शिक्षणाधिकाऱ्यांशी बोलायचे आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हटली. संध्याकाळी दिवेलागणीला ओट्यावर बसून मुले पाढे म्हणत, आणि घरचा एखादा माणूस मधूनच विचारी, "सतरा नव्वे?" त्या मधूनच विचारण्यात खरे मर्म होते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवले. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. आमची मुले गाइड वाचतात, पुन्हा वाचतात, पिवळ्या पेनने रंगवतात, आणि ओळखीचे वाटले म्हणून पाठ झाले असे समजतात. पेपरात ते आठवत नाही, मग आई बाटली आणते.

याला उपाय म्हणून नवा कार्यक्रम नको, नवे ॲप नको. प्रत्येक तासाच्या सुरुवातीची दहा मिनिटे पुस्तके मिटून कालचे, गेल्या आठवड्यातले आणि गेल्या महिन्यातले आठवायचे. लिहून किंवा तोंडी, मार्क न देता. चुकले तर लगेच बरोबर सांगायचे. शिक्षकांना हे करता यावे म्हणून त्यांची दहा मिनिटे त्यांना परत द्या. फोटो चढवणे, लिंक भरणे, वेगवेगळ्या सर्वेक्षणांची कामे, यांत शिक्षकाचे जे ध्यान जाते, तेही मुलांच्याच वाट्याचे असते.

झोपेचेही आहेच. दिवसभर शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. परीक्षेआधी रात्र-रात्र जागवणारे पालक आणि हाती मोबाइल घेऊन जागणारी मुले, दोघांनाही हे शाळेतल्या पालकसभेत स्पष्ट सांगायला हवे. त्याला फार शब्द लागत नाहीत.

आणखी एक विनंती वयस्कांसाठी. देशात ६० वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये छापलेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. खेड्यात याला "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देतात. पण विसराळूपणामागे कधी बी-१२ ची कमतरता असते, कधी थायरॉइड, कधी न तपासलेला रक्तदाब किंवा साखर, कधी नुसते बहिरेपण. यातले बरेचसे उपचाराने सुधारते. सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासण्या होतातच. त्यांच्या जोडीने कान तपासणे आणि चार साधे स्मृतीचे प्रश्न विचारणे सुरू करावे. या घरांतही ब्राह्मीची बाटली आधी येते आणि डॉक्टर नंतर.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, नवी योजना लागत नाही. गोळी आहे, पथक आहे, खिचडी आहे, शिक्षक आहेत. हे सगळे एका मुलाभोवती एकत्र आणण्याचा हुकूम लागतो, आणि तो काढण्याचे अधिकार या पत्राच्या वर लिहिलेल्या पदांकडे आहेत. सुरुवात अनसिंगपासून करा, असे मी मागते. इथल्या सगळ्या शाळांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांचे हिमोग्लोबिन या सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांत मोजावे. नववी-दहावीच्या मुलांना गोळीच्या दिवशी गोळीआधी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा उसळ मिळावी. ऊसतोडीला जाणाऱ्या घराच्या हाती मुलाच्या गोळ्यांची पट्टी आणि नोंदीचे कार्ड द्यावे, म्हणजे ज्या गावी ते कुटुंब जाईल तिथला दवाखाना ते पुढे चालू ठेवील. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, ताटकळत बसलेल्या आयांसमोर, तीन आकडे मोठ्याने वाचावेत. किती मुलांचे रक्त तपासले, किती मुलांनी गोळ्या प्रत्यक्ष घेतल्या, आणि किती मुले आपल्या इयत्तेचा धडा न अडखळता वाचतात. नावे नकोत, फक्त आकडे. २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तेच तीन आकडे पुन्हा वाचावेत.

वर्गातल्या नोंदी ठेवण्याचे काम आम्ही शिक्षक घेऊ. हिमोग्लोबिनच्या पट्ट्या आणि यंत्र आपण पाठवा. उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले तरी चालेल, तिथे सगळे वाचतात.

आपली,
अनसिंग येथील एक शिक्षिका